अक-कूच्या पोटातली दोरी

"त्या बादलीला हात लावू नका! ओमुरझाकची पोरं ना तुम्ही? मग व्हा लांब! बुडवायचं काम तुमच्या आजानं केलंय, उपसायचं आम्ही बघतो!"

जुमाबेक-बैकेचा आवाज बालिकचीच्या अख्ख्या धक्क्यावर घुमला. बेगीमायनं उचललेली बादली तशीच हातात राहिली.

गुरुवारी सकाळी बेगीमाय, जाझगुल आणि इल्गिझ निघाली होती मासे धरायला. गळ होते, कणकेच्या गोळ्या होत्या, भांडण तर घरापासूनच चालू होतं. आणि धक्क्यावर येऊन बघतात तर काय! अक-कूचं बूड पाण्यात! अक-कू म्हणजे धक्क्यावरची सगळ्यात मोठी मोटरबोट. पांढरीशुभ्र, नाकावर हंसाची मान रंगवलेली. आता ती मान आभाळाकडे आणि मागची दोन बाकडी तळ्यात!

"बुडवलीय म्हणजे?" जाझगुल म्हणाली. ती बेगीमायची धाकटी बहीण. वय दहा, जीभ चाळिशीची. "बोट काय पाव आहे, चहात बुडवायला?"

"ए टिकली! तोंड आवर!" जुमाबेक खेकसला. तो धक्क्याचा मुकादम, सगळ्यांचा बैके, म्हणजे दादा. बोटी त्याच्या ताब्यात, गोदाम त्याच्या ताब्यात, आणि त्याला वाटायचं की इसिक-कुल तळ्याचं पाणीपण त्याच्याच ताब्यात.

गर्दी बाजूला झाली. आजोबा आले होते.

"बघ, ओमुरझाक! बघ तुझी करामत!" जुमाबेक गरजला.

कोळ्यांच्यात चुळबुळ झाली. नुसतं ओमुरझाक! पुढं 'अके' नाही! सत्तरीच्या माणसाला इथं कुत्रंसुद्धा अके लावल्याशिवाय भुंकत नाही.

"शनिवारी माझे व्याही येणार आहेत पलीकडच्या काठावरून. मुलाची सोयरीक पक्की करायला! आणि माझी बोट तळाला! एकतीस वर्षं हा माणूस दोरीला मेंढीची चरबी चोळतोय आणि भोकात कोंबतोय. कायम टपटप, कायम ओल! आज कुजली शेवटी तुझी दोरी!"

आता ही दोरी म्हणजे काय, ते सांगतो. बोटीचं इंजिन आत, पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट बोटीच्या बुडातल्या भोकातून जातो. भोक बुजवलं तर शाफ्ट फिरणार नाही, उघडं ठेवलं तर बोट भरेल. म्हणून शाफ्टभोवती दोरीची कडी बसवायची आणि वरून नट आवळायचा. शेतातल्या पंपाला ग्लँड दोरी असते ना, तशीच. अक-कूची ही दोरी एकतीस वर्षं आजोबाच भरत आले होते.

आजोबांनी वाकून पाण्याकडे पाहिलं.

"माझी दोरी गळते," ते म्हणाले. "इंजिन चालू असताना मिनिटाला चार थेंब. बोट भरेल इतके नाही."

"थेंब मोजत बस आता घरी! गोदामाची चावी ठेव इथं!"

आजोबांनी कमरेची चावी सोडली, फळीवर ठेवली आणि वळले. जाता जाता एवढंच म्हणाले, "इल्गिझ, तुझ्या बापाला फोन लाव. पाचव्या मजल्यावरची खोली रिकामी आहे म्हणत होता. म्हणावं, रविवारी येतो. कायमचा."

बेगीमायनं बादली खाली आपटली. आजोबा राजधानीत, बिश्केकला? पाचव्या मजल्यावर? खिडकीतून तळं दिसलं नाही तर या माणसाच्या घशाखाली चहा उतरत नाही!

"मी नाही लावणार फोन," इल्गिझ म्हणाला. तो त्यांचा चुलतभाऊ, तीन दिवसांपूर्वी सुट्टीला आलेला, बारा वर्षांचा.

"का? रेंज नाही का, शहरी कोकरा?" बेगीमायनं डिवचलं.

"रेंज आहे. इच्छा नाही, गावठी शेळे."

तीन दिवसांत पहिल्यांदाच बेगीमायला त्याचा राग आला नाही.

* * *

बोट काठावर ओढायला ट्रॅक्टर हवा होता. जुमाबेक तो आणायला गेला, आणि तो कोपऱ्यावर दिसेनासा होताच तिघं अक-कूमधे!

"पटापट उपसा!"

"तू काय राणी आहेस का हुकूम सोडायला?"

"तेरा वर्षांची आहे! उपस!"

वीस बादल्या झाल्या. तीस झाल्या. पाणी गुडघ्याखाली आलं तशी बेगीमाय एकदम थांबली.

"इल्गिझ, सूप थंड झालं की वर काय येतं?"

"भूक लागलीय तुला?"

"चरबी, गाढवा! आजोबांची दोरी चरबीत बुडालेली असते. या थंड पाण्यात पांढरे तुकडे तरंगायला हवेत. दिसतायत का कुठे?"

तिघांनी वाकून पाहिलं. तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग होता, काळी भुकटी होती. चरबीचा कण नाही.

"आई गं!" जाझगुल किंचाळली. तिनं शाफ्टच्या नटाखाली हात घातला होता. बोटातून रक्त येत होतं, आणि चिमटीत होता बोटभर लांबीचा काळपट तुकडा. त्यातून पिवळ्या तारा बाहेर आलेल्या, जनावराच्या मिशांसारख्या.

बेगीमायनं तो हुंगला. मेंढीचा वास नाही. जळकट, कोळशासारखा वास. आजोबांची दोरी मऊ, पिवळसर, जवसाच्या धाग्याची. मांजर अंगावर चालून जावं इतका वास तिला. ही ती नव्हेच!

"कुणीतरी दोरी बदललीय!"

इल्गिझनं फोन काढला, तुकड्याचा फोटो घेतला आणि शोधायला लागला. "ग्रॅफाइटची दोरी... आत पितळी तार... हं! वाफेच्या नळांना आणि झडपांना वापरतात. दोनशे अंश उष्णता सोसते म्हणे."

"तळ्याचं पाणी कधी झालं दोनशे अंश?" जाझगुल बोट चोखत म्हणाली.

"आणि वाफ कुठंय बालिकचीत?"

तिघांच्या माना एकदम वळल्या. गावाच्या टोकाला, पॉपलरच्या झाडांमागं एकच उंच धुराडं होतं. आरोग्यधामाच्या बॉयलरचं!

"ए! उतरा खाली! चोर कुठले!" जुमाबेकचा ट्रॅक्टर आला होता. तिघं उड्या मारून पळाली. इल्गिझचा एक बूट अक-कूमधेच राहिला. तसाच पळाला बिचारा!

* * *

बॉयलरवाला कुबात-बैके दारातच कलिंगड खात बसला होता. मांडीवर सुरी. पोरं दिसताच त्याच्या कपाळावर आठ्या आल्या.

"पाटी वाचता येत नाही? आत यायला मनाई!"

"पाटी काळी झालीय," जाझगुल म्हणाली. "धुवा कधीतरी. स्वतःलापण."

"जाझगुल!" बेगीमायनं तिला मागं ओढलं. पण ओढता ओढता तिनं आत पाहून घेतलं होतं. खिळ्याला काळ्या दोरीचं वेटोळं टांगलेलं. टोक नुकतंच कापलेलं, तारा चमकतायत!

"बैके, अक-कूमधे दोरी कुणी भरली?"

कुबातची सुरी क्षणभर थांबली. "मला काय ठाऊक? मी वाफेचा माणूस. तळ्याशी माझा संबंध नाही. निघा!"

"पण ती दोरी..."

"निघा म्हटलं ना! नाहीतर गरम पाण्याचा पाइप सोडतो अंगावर!"

निघावंच लागलं. फाटकापाशी इल्गिझ फणफणला, "खोटारडा! तोंडावर लिहिलंय त्याच्या! पोलिसांना बोलवू या!"

"पोलीस म्हणतील, दोरी चोरीला गेली का? नाही? मग घरी जा," बेगीमाय म्हणाली. ती विचारात होती. बालिकचीत कुबात कशासाठी प्रसिद्ध? बढाईसाठी! साधा नळ दुरुस्त केला तरी आठवडाभर बाजारात सांगत फिरणारा माणूस. तो एवढं मोठं काम करून गप्प बसलाय, म्हणजे कुणीतरी त्याला गप्प बसवलंय. आणि आतून तो नक्की तडफडत असणार!

ती वळली आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "चल गं जाझगुल. यांना विचारून काय उपयोग? जुमाबेक-बैकेंनी सगळ्या धक्क्यासमोर सांगितलंय की अक-कूची दोरी ओमुरझाकनीच भरली म्हणून."

मागं कलिंगडाची फोड जमिनीवर पडली.

"काय सांगितलंय?"

"ओमुरझाकचीच दोरी, ओमुरझाकचीच करामत. आत्ता सकाळी. पन्नास माणसं होती ऐकायला."

"करामत म्हणाला? करामत? त्या थेरड्याची?" कुबात उठला. तोंड लालबुंद, कलिंगडापेक्षाही! "गप्प बस म्हणाला मला! आणि नाव दुसऱ्याचं लावतो? थांब, दाखवतोच!"

आणि तो निघालाच. बनियनवर, हातात सुरी तशीच. पोरं मागून धावत होती.

"बोट बुडालीय हे सांगायचं का त्यांना?" जाझगुलनं कुजबुजत विचारलं.

"त्यांनी विचारलंय का?" बेगीमाय म्हणाली.

* * *

धक्क्यावर अजून गर्दी होती. ट्रॅक्टर घुरघुरत होता, दोर ताणलेला होता, पण बोट तसूभर हलली नव्हती. जुमाबेक सगळ्यांवर डाफरत होता. कुबात सरळ गर्दीत घुसला आणि माशांच्या खोक्यावर चढला.

"ऐका रे! सगळे ऐका! अक-कूमधली दोरी ओमुरझाकनी नाही भरली! मी भरली! या हातांनी! मंगळवारी! बुधवारी फिरवून आणली, एक थेंब आत आला नाही. एकतीस वर्षांत असं काम झालंय का इथं?"

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. मग मागून एका कोळ्यानं शांतपणे म्हटलं, "कुबात, जरा मागं वळून बघ."

कुबात वळला. हंसाची मान आभाळाकडे. बाकडी पाण्यात.

खोक्यावरून पडता पडता वाचला!

"उतर खाली, मूर्खा!" जुमाबेक दात खात म्हणाला.

"मी मूर्ख? तूच म्हणालास! म्हातारा मंगळवारी वर कुरणावर भावाकडे जाणार आहे, तेवढ्यात भरून टाक म्हणालास! व्याही बसतील आणि पायाशी टपटप पाणी येईल, माझं नाक कापलं जाईल म्हणालास! कोरडी हवी, खडखडीत कोरडी हवी म्हणालास! मी तीनदा आवळला नट तुझ्या सांगण्यावरून!"

गर्दीतून हुंकार उठला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा.

"कोरडी होतीच ना बुधवारी!" जुमाबेक ओरडला. "मी स्वतः हात फिरवला! काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती!"

"कोरडी होती म्हणूनच जळली!" बेगीमाय पुढं आली. "ते चार थेंब फुकट नसतात, बैके. त्यानंच दोरी गार राहते. तुम्ही थेंब बंद केले. आतल्या तारेनं शाफ्ट खरवडला, दोरीची राख झाली आणि रात्रीत बोट भरली. हा बघा तुकडा. माझ्या बहिणीचं बोट फाटलंय यानं. आणि सगळ्यांसमोर आजोबांना तुम्ही काय काय बोललात!"

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!"

"मोठ्या तोंडी खोटं चालतं का मग?" जाझगुल म्हणाली.

कुणीतरी फसकन हसलं. मग सगळेच. जुमाबेकनं फळीवरची चावी उचलली आणि ताडताड निघाला. थेट आजोबांच्या दाराशी! पोरं, कोळी, कुबात, सगळी वरात मागं.

आजोबा ओट्यावर बटाटे सोलत होते. जुमाबेकनं चावी पुढं केली. "घ्या. शनिवारच्या आत बोट पाण्यात हवी."

आजोबांनी मान वर केली नाही. "कुठं ओरडला होतास माझ्यावर?"

"धक्क्यावर."

"मग जे बोलायचं ते तिथंच. माझ्या दारात कुजबुजायला येतोस कशाला?"

आणि पुढचा बटाटा घेतला.

* * *

शुक्रवारी सकाळी दोन ट्रॅक्टर लावून अक-कू काठावर आली. पन्नास माणसांसमोर जुमाबेकनं दाताखाली खडा आल्यासारखं बोलून टाकलं, "दोरी ओमुरझाक-अकेंची नव्हती. मी बदलून घेतली होती. झालं?"

"झालं," आजोबा म्हणाले. "आता बाजूला हो, उजेड अडतोय."

त्यांनी आकडीनं जळकी दोरी उपसून काढली. कुबातनं अख्खी लांब दोरी सापासारखी गुंडाळून कोंबली होती. शाफ्टवर कांशाची नळी चढवलेली असते. तिच्यावर चरेच चरे!

मग आजोबांनी फळीवर तीन दोऱ्या ठेवल्या. एक कुबातची काळी. एक पांढरी, गुळगुळीत टेफ्लॉनची. जुमाबेकनं ती रातोरात बिश्केकहून टॅक्सीनं मागवली होती. तिसरी आजोबांची, जवसाची.

"निवडा," ते पोरांना म्हणाले.

"आम्ही?"

"कालपासून अक्कल पाजळताय ना? निवडा. चुकलात तर कान उपटीन."

"काळी बाद!" इल्गिझ लगेच म्हणाला. "तारेचं तर जाऊच दे, आपलं तळं खारट आहे. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइट कांशाला खातं. रात्री वाचलं मी."

"बरं. पुढं?"

"पांढरी भारी आहे," तो म्हणाला. "नवी आहे, महाग आहे, झिजत नाही..."

"आणि या चऱ्यांत बसेल का ती?" बेगीमायनं नळीवरून बोट फिरवलं. "घट्ट आहे. खड्ड्यावरून नुसती घसरत जाईल. नळी नवी असती तर चाललं असतं. मऊ दोरीच दबून चऱ्यांत शिरेल."

"माझी पांढरी बाद करतेस?"

"तुला नाही, दोरीला बाद करतेय!"

आजोबांनी बाकीच्या दोन दोऱ्या बाजूला सारल्या. जवसाची दोरी उचलून तिच्या हातात दिली. बेगीमायला तेवढं पुरलं.

"आता चरबी," आजोबा म्हणाले. "ताजी, शेपटीची. जुमाबेक, तुझ्या दारात सोयरिकीचा मेंढा कापलाय ना?"

जुमाबेक उसळलाच. "ती चरबी आणि कलेजी उद्या व्याह्यांच्या तोंडात घालायचीय मला! त्याशिवाय सोयरीक पक्की कशी होणार? आणि ती मी दोरीला फासू?"

"नको फासू. व्याह्यांना सांग पोहत यायला."

वाटीभर चरबी आली! जुमाबेकनं ती अशी आपटली की निम्मी त्याच्याच शर्टावर उडाली.

शाफ्टच्या जाडीच्या काठीवर इल्गिझनं दोरी गुंडाळली. बेगीमायनं तिरके काप देऊन पाच कडी कापली. जाझगुलनं ती कोमट चरबीत बुडवली. एकेक कडं बसवायचं, प्रत्येकाचा जोड वेगळ्या बाजूला, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही.

"आवळू का अजून?" इल्गिझ नटाशी झटत होता.

"हातानं फिरतोय तेवढाच! पाना ठेव खाली! तुला पण कोरडी बोट हवीय का, कोकरा?" आजोबा ओरडले. दिवसभर ते ओरडतच होते.

संध्याकाळी अक-कू पाण्यात उतरली. इंजिन सुरू झालं. तिघं नटावर डोळे लावून बसली. टप. टप. मिनिटाला नऊ. आजोबांनी नट जरासा फिरवला. सहा. अजून केसभर. चार! हात लावून पाहिला, गार!

* * *

शनिवारी पलीकडून व्याही बसले, अकरा जण, नटूनथटून. नवरीचे आजोबा नारमात-अके मागच्या बाकड्यावर, काठी टेकून, कपाळाला आठ्या घालून. हे म्हातारे हसल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

अर्ध्या तळ्यात उलान सुटला! बूमच्या खिंडीतून येणारा तो वारा कुणाचा व्याही ओळखत नाही. लाटा नाकावरून आत यायला लागल्या, बायका किंचाळल्या, अक-कू वर जाऊन धाडकन आपटत होती. पंखा क्षणभर पाण्याबाहेर येऊन खिंकाळायचा, परत पाण्यात जायचा. शाफ्ट फिरतच होता. आजोबा सुकाणूवर, पोरं नटापाशी, आणि जुमाबेक व्याह्यांच्यात कठडा धरून.

काठ जवळ आला तसा वारा पडला. आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. टप.

नारमात-अकेंनी काठी उचलली. "ही बोट गळते?"

जुमाबेकचा चेहरा चरबीसारखा पांढरा!

"मिनिटाला चार थेंब," बेगीमाय म्हणाली. "तेवढे लागतातच. बंद झाले की घाबरायचं."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "चाळीस वर्षं विहिरींचे पंप चालवलेत मी, पोरी. बसल्यापासून तोच आवाज शोधत होतो. वाऱ्यात ऐकू येईना, म्हटलं, कुणा गाढवानं आवळून टाकला की काय! मेलो आज!" मग जुमाबेककडे वळून, "दोरी कुणी भरली?"

जुमाबेकनं सुकाणूकडे बोट केलं. "ओमुरझाक-अकेंनी."

"खोटं," सुकाणूवरून आजोबा म्हणाले. जुमाबेक दचकला. "निवडली या तिघांनी, कापली या तिघांनी, बसवली या तिघांनी. मी नुसता शिव्या देत होतो."

त्या दिवशी जेवायच्या चादरीवर मेंढ्याचं डोकं आलं, ते रीतीप्रमाणे नारमात-अकेंसमोर. सगळ्यात मोठा मान. म्हाताऱ्यानं ताट दूर सारलं. "अकरा माणसं जिवंत आणली त्यानं. त्याच्यासमोर ठेव."

जुमाबेकला उठावं लागलं. स्वतःच्या हातानं ताट उचलून, सगळ्या व्याह्यांच्या देखत, ते आजोबांसमोर ठेवावं लागलं. "घ्या, ओमुरझाक-अके," तो पुटपुटला.

आजोबांनी सुरी घेतली. डोक्याचे कान पोरांना द्यायचे असतात. पण कान दोन आणि पोरं तीन!

"माझं बोट फाटलंय!" जाझगुल.

"माझा बूट गेलाय!" इल्गिझ.

दोघांना एकेक कान मिळाला. बेगीमायच्या वाट्याला काही उरलं नाही. मोठी असल्याचा हाच तोटा.

"तुला कान नाही," आजोबा म्हणाले. "तुला अक-कू. पुढच्या वर्षी सगळी दोरी तू एकटीनं भरायची. मी धक्क्यावर बसून चुका काढणार."

"आत्तापण तेच करता!" जाझगुल तोंडातला घास न गिळताच ओरडली, आणि कधीही न हसणाऱ्या नारमात-अकेंना असा ठसका लागला की त्यांच्या पाठीवर थापा मारायला जुमाबेकलाच धावावं लागलं.